शब्द मोजून बघा

'ज्यूंच्या वल्हांडण सणापासून शावुओत सणापर्यंत रोज रात्री एकेक दिवस मोजायचा, ती ओमेरची मोजणी म्हणजे नुसते 49 आकडे, मग सोबत स्तोत्र कशाला?' असं वर कुणीतरी विचारलंय. अहो, ते स्तोत्रच मोजून बघा की! हिब्रू बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 67वं. शीर्षक सोडलं तर हिब्रूत सात कडवी, शब्द बरोबर 49. कडव्यागणिक 7, 6, 6, 11, 6, 6, 7. म्हणूनच ते सात फांद्यांच्या दीपवृक्षाच्या आकारात लिहितात. शिवाय त्यात भूमीनं पीक दिल्याचं येतं, आणि ओमेर मुळात जवाच्या नव्या पिकाचं अर्पण.

कव्वाना, म्हणजे मनातला हेतू, त्याची तर गंमतच. अंधार पडल्यावर, अजून मोजायचं असताना कुणी 'आज कितवा?' विचारलं, तर जाणता माणूस 'काल विसावा होता' एवढंच सांगतो. मोजायचा हेतू नसताना आजचा आकडा सहज तोंडातून गेला तरी मोजल्यासारखं होतं, मग मोजण्याआधी म्हणायचं आशीर्वचन हुकतं.