आमचं शेंडेफळ आणि पीथमपूरचा ट्रॅक

(फॅमिली ग्रुप, राजेंद्र नगर, इंदूर)

बाबा: छोटू आज टेस्टिंग टीमबरोबर नॅट्रॅक्सच्या (पीथमपूरचं गाड्यांची चाचणी घेणारं केंद्र) हाय-स्पीड ट्रॅकवर गेला. ग्रुपवर टाकू नका म्हणाला होता. टाकतोय.

ताई: बाबा, तो वाचेल ना!

बाबा: वाचू दे. २०२१ साली सुरू झालेला ट्रॅक आहे, ११.३ किलोमीटरचा. काल रात्री आजीला सांगत होता की वळणावर रस्ता बाहेरच्या बाजूने उचललेला असतो, म्हणून ताशी २५०च्या वेगातही स्टिअरिंग ओढावं लागत नाही. आजीला काही पटेना. मग उठला, कढई काढली आणि तिच्यात गोटी फिरवून दाखवली. वेग वाढला तशी गोटी कडेला चढली. आजी म्हणते, "हळू झाली की खाली येते रे." हा खूश. "आजी, तेच तर!"

मोठा: माझ्या वेळी कुणी कढई काढली नव्हती.

बाबा: तुझं सगळं नवीन यायचं. सायकल नवी, कोचिंगची पुस्तकं नवी. ताईची स्कूटी तर शोरूममधून आली. छोटूच्या वाट्याला ब्रेक न लागणारी सायकल आणि सेल्फ गेलेली स्कूटी. मला वाटायचं, कुरकुर करेल. हा पाना घेऊन अंगणात बसायचा. जीएसआयटीएस इंजिनीअरिंग कॉलेजला सगळे कॉम्प्युटर घे म्हणत होते, यानं मेकॅनिकलच घेतलं.

आई: मिक्सर उघडून जोडला तेव्हा दोन स्क्रू उरले होते, तेही लिहा.

बाबा: मिक्सर चालतोय की अजून!

काका: भिया, पार्टी तो बनती है. रविवारी सकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जलेबी, अण्णाकडून.

बाबा: देतो. एक सांगू? मोठ्या दोघांचं कौतुक करताना त्यात थोडं माझंही असायचं. फॉर्म मी भरले, गणित मी घेतलं, रात्री जागलो. याच्या वेळेपर्यंत दमलो होतो. आणि गाडीतलं मला काय कळतं? टायरमध्ये हवासुद्धा पंपवाला भरतो. यातलं काहीच माझं नाही, म्हणून छाती जास्त फुगते.

ताई: आता आम्ही दोघं ग्रुप सोडतो.

आत्या (पुणे): अण्णा, छान लिहिलंस रे. छोटू, माझी गाडी चूं-चूं करतेय. मेकॅनिक म्हणतो, बेल्ट-पुली सगळंच बदला.

छोटू: बाबा!! सांगितलं होतं ना.
छोटू: आत्या, लगेच काही बदलू नकोस. सकाळी थंड असताना आवाज येतो आणि जरा तापली की बंद होतो का? मग बहुतेक बेल्टच. सतत येत असेल तर पुलीचं बेअरिंग बघावं लागेल. उद्या सकाळी बोनेट उघडून आवाज रेकॉर्ड कर आणि मला पाठव. ओढणी लांब ठेव.