हँडबिलं, कॅलेंडरं, पावत्या: सांगलीचा छापील कागद सांगलीतच राहावा का?

कृष्णाकाठ:
तलवार, तैलचित्र, ताम्रपट जपायला हवा हे सगळ्यांना पटतं. नाटकाचं हँडबिल, हळदीच्या पेढीची पावती, किर्लोस्करवाडीच्या नांगराची जाहिरात मात्र सरळ रद्दीत जाते. माझं स्पष्ट मत आहे की या कागदाला जिल्ह्याच्या संग्रहालयात स्वतंत्र दालन हवं, आणि तो मुंबई-पुण्याला जाता कामा नये. १८०५ साली मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून घेऊन गीता छापवली. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० पासून तिथून ‘किर्लोस्कर’ मासिक निघू लागलं. तिकिटाचा दर काय, बायकांची बसायची सोय वेगळी होती का, पडदा किती वाजता उघडायचा, हे हँडबिलंच सांगतात. नाट्यपंढरी म्हणवून घ्यायचं आणि हँडबिलं रद्दीत घालायची, हे मला सहन होत नाही.

तासगावकर:
दालन ठीक, पण मूळ कागद सांगलीत ठेवायला माझा ठाम विरोध. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. २००५ झालं, २०२१ झालं. पितळेची समई पुसून घेता येते, भिजलेलं हँडबिल हातात लगदा होऊन येतं. आर्द्रता सांभाळणारी कोठारं मोठ्या शहरांत आहेत, तिथे द्या. इथे स्कॅनच्या छान प्रती लावा.

मिरजेची ताई:
मी तर म्हणते, स्कॅन करा आणि मूळ ज्याच्या त्याच्या घरी परत द्या. लोक देतील तरी.

कृष्णाकाठ:
ताई, घरी परत म्हणजे पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत.
आणि स्कॅनने काम भागत नाही. शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापताना, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एखादा रंग तसूभर सरकला की साडीच्या काठाबाहेर दुसऱ्याच रंगाची रेघ डोकावते, त्यावरून छापणाऱ्याचा हात कळतो. रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मी-सरस्वतीला कित्येक घरांतल्या बायकांनी खरं कापड, जरी, टिकल्या चिकटवून सजवलं. ती चित्रं स्कॅन केली की टिकल्यांचे नुसते पांढरे डाग उरतात. मागच्या बाजूचे दुकानाचे शिक्के, पेन्सिलीतले हिशेब तर कुणी स्कॅनही करत नाही.
पुराचं तुमचं म्हणणं खरं आहे, तासगावकर. तळमजल्यावर एक कागद ठेवू नका. पण वरचे मजले सांगलीतही आहेत.

तासगावकर:
वरच्या मजल्यावर पाणी येणार नाही, उजेड येईल. कागदाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास मंद उजेड, तोही काही महिने, मग पुन्हा अंधारात विश्रांती. उडालेला रंग परत येत नाही. हँडबिलाचा कागद मुळात सर्वांत स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा, स्वतःच्या आम्लानेच पिवळा पडून तुकडे होणारा. दालन उभारून वर्षभर ट्यूबलाइटखाली टांगलंत, तर पुराचं काम तुम्हीच कराल.

खटावकर:
मधला मार्ग सांगतो. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे, १९३८ पासूनचं. उंचावर, दुष्काळी पट्ट्यात, नदीचा धोका नाही. मूळ तिथे ठेवा, दर पावसाळ्यानंतर थोडे थोडे सांगलीत दाखवा. जिल्हा वेगळा म्हणून नाक मुरडू नका. किर्लोस्करवाडीची जमीन औंध संस्थानानेच दिलेली.

कृष्णाकाठ:
औंध मला मान्य. तिथे शाळेची सहल एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते. मुंबईच्या कोठारात गेलेला कागद इथल्या पोराला कधी दिसणार?

तासगावकर:
दिसण्याआधी तो टिकला पाहिजे. त्या कागदांसाठी शिकलेला माणूस आणि त्याचा पगार कोण देणार ते आधी ठरवा, मग औंध म्हणा की सांगली. तोवर माझं मत तेच.

मिरजेची ताई:
हे ठरेपर्यंत घरातल्या कागदांचं काय करायचं? माझ्या सासऱ्यांकडे नाटकांच्या जाहिरातींची फाइल आहे, लॅमिनेट करून घ्यायचं म्हणतायत.

तासगावकर:
अजिबात नको! लॅमिनेशन निघत नाही, सेलोटेपचा डाग जात नाही. पिना काढा, आम्लरहित कागदात सपाट ठेवा आणि माळ्यावर नको, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवा.