आखूड नळीची दुनळी: काऊबॉय शूटिंगसाठी कुठली काडतुसं घ्यावीत?

रानवारा
नमस्कार मंडळी. मी ऑस्टिनजवळ राहते. इथल्या क्लबात काऊबॉय ॲक्शन शूटिंग, म्हणजे जुन्या काऊबॉय काळातल्या धाटणीच्या बंदुकांनी नेमबाजी, सुरू केलंय. रिव्हॉल्व्हर आणि लिव्हरवाली रायफल हाताला बसली आहे, आता दुनळी घ्यायची आहे. मनात आहे ती १२ बोअरची कोच गन, म्हणजे आखूड नळीची दुनळी: नळी २० इंच, दोन चाप, वजन साधारण साडेसहा पौंड. माझी उंची पाच फूट दोन इंच. क्लबातल्या एकांनी त्यांची अशीच बंदूक चालवायला दिली, तर खांदा चांगलाच शेकला. आत सव्वा औंस छर्ऱ्यांची शिकारीची काडतुसं होती.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हलकी काडतुसं घेतली तर नेमासाठी उभ्या केलेल्या लोखंडी पाट्या पडतील का? दुसरं, आखूड नळीतून छर्रे खूप पसरतात असं सगळे सांगतात. मग बारीक छर्रे घ्यावेत की जाड?

फिनिक्सकर
ताई, पसरण्याचं आधी. छर्रे किती पसरणार हे नळीच्या लांबीवर नाही, तोंडाशी असलेल्या चोकवर, म्हणजे तिथे नळी किती आवळली आहे त्यावर, ठरतं. ४० यार्डांवर ३० इंचांचं वर्तुळ धरलं, तर फुल चोकमधून त्यात सुमारे ७० टक्के छर्रे बसतात आणि बिनचोकच्या नळीतून ४० टक्के. नळी २० इंची असो की ३० इंची, हे प्रमाण फारसं हलत नाही. कोच गन बहुतेक मोकळ्या चोकच्या असतात, म्हणून दोष नळीच्या माथी येतो. आखूडपणाने वेग थोडा जातो, दर इंचाला साधारण सेकंदाला पाच ते दहा फूट. आठ-दहा यार्डांवरच्या पाटीला त्याने काही फरक पडत नाही. आवाज मात्र वाढतो आणि तोंडाजवळचा भडका जास्त जाणवतो. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही घाला.

आता काडतूस. दुनळीचा मोठा फायदा असा की तिला चालायला बाराचा धक्का लागत नाही. सेमी-ऑटोमध्ये हलकं काडतूस अडकू शकतं, इथे तो प्रश्नच नाही. बर्मिंगहॅमचा बंदूक बनवणारा ग्रीनर, त्याचा जुना नियम आहे: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. तुमची बंदूक साडेसहा पौंड म्हणजे १०४ औंस. भागून बघा, एक औंसाच्या जरासं वर येतं. सव्वा औंस तिच्या ताकदीबाहेरचं नसेल, पण तुमच्या खांद्याला ते जड जाणारच. ७/८ किंवा १ औंस घ्या. विंचेस्टरच्या एए मालिकेत कमी धक्क्याचं एक काडतूस येतं, २६ ग्रॅम छर्रे आणि वेग सेकंदाला ९८० फूट. सव्वा औंस १३३० फुटांनी सुटतं त्याच्याशी ताडून पाहिलं, तर ढोबळ हिशोबाने धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशावर येते. हा फरक पहिल्या बारालाच कळतो.

पाट्या पडतील. ७/८ औंसात ८ नंबरचे साडेतीनशेच्या वर छर्रे असतात आणि दहा यार्डांवर त्यांतले बहुतेक एकत्रच पोचतात. नेम पाटीच्या वरच्या अर्ध्यात ठेवा, बिजागरी खाली असल्याने तिथला मार जास्त लागू पडतो. साडेसात किंवा आठ नंबर पुरे; नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. या खेळाची संघटना सास, तिच्या नियमांत तसेही फक्त शिशाचे, ४ नंबरचे किंवा त्याहून बारीक छर्रे चालतात. पोलादी किंवा मुलामा दिलेले चालत नाहीत आणि मॅग्नम, म्हणजे जादा ताकदीची काडतुसंही नाहीत. इतक्या जवळून जाड छर्रा लोखंडावर मारू नये, तो उलटून येतो.

दख्खनी
फिनिक्सकरांशी सहमत. एक भर घालतो. दोन चापांची घेताय ते उत्तम. एका चापाच्या काही दुनळ्यांमध्ये पहिल्या बाराच्या धक्क्यानेच चाप दुसऱ्या नळीकडे वळतो. तिथे फार हलकं काडतूस घातलं की दुसरा बार उडतच नाही, आणि माणूस काडतुसाला दोष देत बसतो. दोन चापांत ही भानगड नाही. मात्र पुढचा चाप ओढताना बोट सरकून मागच्यावर पडता कामा नये, नाहीतर दोन्ही नळ्या एकदम उडतात. घरी रिकाम्या बंदुकीत डमी काडतुसं घालून सराव करा.

दस्त्याची लांबीही बघा. तुमच्या उंचीला कारखान्यातला साडेचौदा इंची दस्ता लांब पडेल. त्यावर इंचभर जाडीची गादी चढवली की आणखी लांब. बंदूकसाजाकडून दस्ता कापून मग गादी बसवा. दस्ता अंगाला बसला तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

रानवारा
दोघांचेही मनापासून आभार. दस्त्याचा विचारच केला नव्हता. २० बोअर घेतली तर धक्का आणखी कमी होईल का?

दख्खनी
होईलच असं नाही. २० बोअरची बंदूक वजनाने हलकी असते. तिच्यातून तेच ७/८ औंस सोडलं तर धक्का उलट जास्त. १२ बोअरमध्ये हलकं काडतूस, हाच चांगला मार्ग. शिवाय १२ चं तोंड रुंद, घाईत भरायला सोपं. आणि घरात दोन्ही बोअर असतील तर पिशव्या वेगळ्या ठेवा. २० चं पिवळं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं. त्याच्यामागे १२ चं भरून बार काढला तर नळी फुटते. म्हणूनच २० बोअरला पिवळा रंग राखून ठेवला आहे.

सातारी
जरा वेगळा प्रश्न. आमच्या मामांकडे परवान्याची जुनी इंग्लिश दुनळी आहे. तिच्यात आता मिळणारी ७० मिमीची काडतुसं चालतील का? आणि तिची नळी कापून अशी आखूड करता येते का?

फिनिक्सकर
दुसऱ्याचं उत्तर आधी: अजिबात कापू नका. भारतात शस्त्र कायदा १९५९ चं सहावं कलम नळी आखूड करण्याबद्दलच आहे, त्याला वेगळा परवाना लागतो. इथे अमेरिकेतही १८ इंचांच्या खाली किंवा एकूण लांबी २६ इंचांच्या खाली गेली की १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याखाली नोंदणी लागते. ताई, वापरलेली बंदूक घेतलीत तर हे माप स्वतः घ्या. बंदूक बंद करून, रिकामी असल्याची खात्री करून, तोंडातून दांडी आत सोडायची आणि ती मागे टेकेपर्यंतची लांबी मोजायची.

काडतुसांबद्दल: जुन्या इंग्लिश बंदुकांची खोबण, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बऱ्याचदा अडीच इंचांची, म्हणजे साधारण ६५ मिमीची असते. ७० चं काडतूस तिच्यात सहज बसतं आणि धोका तिथेच आहे. खोक्यावरची लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या पुंगळीची असते. बार होताना ते तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. मामांना सांगा, खोबण मोजून घ्या आणि नळीखालचे चाचणीचे शिक्के जाणकाराला दाखवा. नळीवर वेलबुट्टीसारखी नागमोडी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी असू शकते, मग तपासणीशिवाय काहीच भरू नका. खडकीच्या कारखान्याची काडतुसं घेतानाही खोक्यावर ६५ आहे की ७० ते वाचूनच घ्या.

रानवारा
शेवटची शंका. रिकाम्या पुंगळ्या आत चिकटतात असं क्लबात ऐकलं. ते बंदुकीमुळे की काडतुसांमुळे?

फिनिक्सकर
दोन्हींमुळे, पण जास्त करून काडतुसांमुळे. सासमध्ये आपोआप पुंगळ्या फेकणारी दुनळी चालत नाही. बंदूक उघडून मागे झटका द्यायचा, पुंगळ्या सुटून पडायला हव्यात. स्वस्त खोक्यांत बऱ्याचदा बुडाशी पितळेऐवजी पोलादी टोपी असते. पितळ उडाल्यावर परत आकसतं, पोलाद तितकं आकसत नाही, म्हणून ती खोबणीत घट्ट बसते. पुंगळीची बाजू गुळगुळीत हवी, उभ्या रेघांची नको. रेमिंग्टनची एसटीएस आणि विंचेस्टरची एए या दोन पुंगळ्या आमच्याकडे सगळ्यांच्या पट्ट्यात दिसतात. पुन्हा भरायलाही चांगल्या. बंदूक आल्यावर खोबणी बंदूकसाजाकडून घासून गुळगुळीत करून घ्या. फक्त खोबणीच, नळी नाही.

आधी दोन-तीन प्रकारची एकेकच पेटी आणा. दहा यार्डांवर मोठा कागद लावून दोन्ही नळ्या वेगवेगळ्या उडवून बघा, डावी आणि उजवी एकाच जागी मारतात का ते कळेल. जे बसेल त्याचा मोठा खोका घ्या.