जुनी कार्ब्युरेटर गाडी: गरम झाली की सेल्फ नुसता 'टक' करतो, बॅटरी उतरते, वर मिसिंग. सुरुवात कुठून?

खटारा_म्हणू_नका:

चार सिलिंडर, पेट्रोल, कार्ब्युरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (प्लगांना स्पार्क वाटणारा). अल्टरनेटर आहे, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. तक्रारी अशा:

बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, नवी. गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारण्याइतकाही दम उरत नाही.

थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होते. चांगली तापल्यावर बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली की एकच 'टक', पुढे काही नाही. तासाभराने पुन्हा ठीक.

हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर सरकतो. गंमत म्हणजे पेट्रोलचा काटाही थोडा वर जातो!

गरम इंजिनवर चढाला जोर दिला की मिसिंग होते, झटके बसतात.

मेकॅनिक म्हणतो सेल्फ, अल्टरनेटर, कॉइल, तिन्ही बदला. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. बदलाबदली करण्याआधी काय काय मोजू?

---

तारजोड:

तूर्त काहीही बदलू नका. आधी अर्थिंग. इंजिन, बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यामधल्या दोन-तीन पट्ट्या खराब झाल्या तर तुमच्या यादीतल्या निम्म्या तक्रारी त्यातूनच निघतात.

मल्टिमीटरची 'टूं' वाजवून अर्थ तपासू नका, ती चाचणी इथे कुचकामी. हिशेब बघा: सेल्फ फिरताना साधारण १५० अँपिअर ओढतो. जोडात फक्त ०.०१ ओहम रेझिस्टन्स असला तरी दीड व्होल्ट तिथेच जातो. आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे ०.०१ त्याला दिसणारच नाही. त्यामुळे करंट वाहत असतानाच व्होल्टेज ड्रॉप मोजायचा.

पद्धत: कॉइलच्या प्लसची बारीक वायर काढा आणि टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचा. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.

पहिलं माप बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर. सेल्फ फिरत असताना ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. (बॅटरी पूर्ण चार्ज असायला हवी: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास. १२.२ असेल तर ती निम्मी रिकामी आहे, आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे.)

दुसरं: काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, लाल पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. पिन खुंटीवरच टेकवा, क्लॅम्पवर नको. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधला जोडही मापात आला पाहिजे, बरेचदा दोष तिथेच असतो. सेल्फ मारताना ०.३ पर्यंत चालेल, त्याच्या वर गेलं तर अर्थ खराब.

तिसरं: बॅटरीची प्लस खुंटी ते सेल्फवरचा जाड वायरचा बोल्ट. इथे ०.५ पर्यंत चालतं.

चौथं, आणि 'गरम झाली की टक' साठी सगळ्यात महत्त्वाचं: सोलेनॉइडवर (सेल्फला मोठा करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) किल्लीकडून येणारी बारीक वायर. काळी पिन ब्लॉकवर, लाल त्या टर्मिनलवर, किल्ली स्टार्टवर. हा आकडा बॅटरीच्या आकड्याच्या जवळ हवा. एक व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर इग्निशन स्विच किंवा मधले कपलर खात आहेत.

गरम असतानाच का होतं? तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सायलेन्सरच्या पाइपाशेजारी बसलेला सोलेनॉइड ६० अंशांनी तापला तर त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स जवळपास पावपट वाढतो आणि तेवढ्याच व्होल्टेजला करंट कमी मिळतो. थंडीत कसाबसा ओढणारा सोलेनॉइड गरम झाल्यावर अर्ध्यात अडकतो. गाडी बंद केल्यावर वारा थांबतो, म्हणून दहा मिनिटांनी परिस्थिती आणखी वाईट.

एकच 'टक' आणि 'टर्रर्र' यांत फरक करा. टर्रर्र म्हणजे बॅटरी कमजोर किंवा मुख्य जोड सैल. एकच टक येतो आणि जाड बोल्टवर व बारीक टर्मिनलवर व्होल्टेज पुरेसं आहे, तर मग खुशाल सेल्फ खोला: सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट, कार्बन ब्रश, बुश. त्याआधी नाही.

जाता जाता: अॅक्सिलरेटर, क्लच किंवा चोकच्या केबलला सेल्फ मारताना हात लावून बघा. गरम लागली किंवा वरचं आवरण वितळलेलं दिसलं, तर इंजिनची अर्थ पट्टी गेली म्हणून समजा. करंट मग त्या केबलींतून वाट काढतो.

---

फिलरगेज:

तारजोडांशी सहमत. दोन्ही काटे एकत्र वर जाणं हीही अर्थचीच खूण आहे, फक्त ही अर्थ मीटरच्या डॅशची. या काळातल्या अनेक गाड्यांत काट्यांच्या मागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो पेट्रोल आणि टेंपरेचर, दोघांना सरासरी १० व्होल्ट देतो, आणि ते १० व्होल्ट स्वतःच्या अर्थच्या हिशेबाने ठरवतो. डॅशची अर्थ कच्ची असली की हेडलाइटबरोबर लागणाऱ्या मीटरच्या दिव्यांचा करंट तिथेच अडतो, स्टॅबिलायझरची अर्थ अर्धा-एक व्होल्ट वर उचलली जाते आणि दोन्ही काटे खोटं बोलतात. इंजिन खरंच तापत असतं तर पेट्रोलचा काटा हलला नसता. डॅशच्या मागून बॉडीच्या स्वच्छ धातूपर्यंत १.५ चौरस मिमीची स्वतंत्र वायर टाका, प्रश्न मिटेल.

तरी कूलिंग एकदा बघून घ्या. थर्मोस्टॅट काढून पाण्यात टांगा आणि गरम करा. त्यावर छापलेल्या अंशाला (बहुधा ८२ किंवा ८८) उघडायला लागला पाहिजे. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवण्याचा उद्योग करू नका, थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि लवकर झिजतं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर तडकलं असेल तर झाकण बदला: प्रेशर धरलं नाही तर पाणी लवकर उकळतं. गरम असताना ते उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता मिसिंग. आधी स्पार्कची की पेट्रोलची ते ठरवा. स्पार्क तुटला तर झटका तीक्ष्ण असतो, मध्येच सुटतो आणि परत येतो. पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू मरते, पाय काढला की सावरते. तुमचं वर्णन स्पार्ककडे बोट दाखवतं.

डिस्ट्रिब्युटरचं कॅप काढा. पॉइंटच्या (कॉइलचा करंट तोडणारे-जोडणारे दोन कॉन्टॅक्ट) प्लेटपासून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला एक वितभरही नसलेली विणलेली वायर असते. व्हॅक्यूम अॅडव्हान्स (इंजिनच्या ओढीनुसार स्पार्कची वेळ बदलणारा भाग) प्लेट फिरवतो तेव्हा ती दर वेळी वाकते आणि काही वर्षांनी आतून तुटते. वरून अखंड दिसते, म्हणून चिमट्याने हलकेच ओढून बघा. दिसायला चिंधी, पण अॅक्सिलरेटर दाबताना होणाऱ्या मिसिंगमागे बरेचदा तीच.

मग पॉइंट. एका कॉन्टॅक्टवर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकडी असेल तर पॉइंटवरची ठिणगी शमवणारा कंडेन्सर संशयास्पद (साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड असतो). गॅप बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिमी, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा. गॅप मोजायचा तो कॅमच्या टोकावर, पॉइंट पूर्ण उघडलेले असताना. आणि क्रम कधी उलटा करू नका: आधी गॅप, नंतर टायमिंग (स्पार्कची वेळ). गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं.

शेवटी कॉइल. गार असताना प्लस-मायनसमध्ये ओहम मोजा (मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करून). ३ च्या आसपास असेल तर ती थेट बारा व्होल्टवर चालणारी. १.५ च्या आसपास असेल तर तिच्यासोबत बॅलास्ट रेझिस्टर (करंट आवरायला कॉइलच्या आधी जोडलेला रेझिस्टन्स) हवाच. मधे कोणीतरी बॅलास्टवाली कॉइल बॅलास्टशिवाय जोडून ठेवण्याचा प्रकार सर्रास होतो. १४ व्होल्टला पॉइंट बंद असताना पाचऐवजी नऊ अँपिअर जातात, कॉइल भाजते, पॉइंट जळतात, आणि हे सगळं गरम झाल्यावरच जाणवतं. म्हणून 'कॉइल बदला' म्हणणाऱ्याला आधी विचारा, कोणती?

---

रात्रीचा_गळतीवाला:

बॅटरी उतरण्याचं मी सांगतो. मीटर १० अँपिअरच्या भोकात, मायनसची केबल काढून खुंटी आणि केबल यांच्यामध्ये. दारं बंद, बॉनेटचा दिवा काढलेला. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

कॉम्प्युटर नसलेल्या गाडीत घड्याळ आणि रेडिओच्या मेमरीला मिळून २०-३० मिलिअँपिअर पुष्कळ झाले. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर आकडा पडेल त्या सर्किटमध्ये गळती (डिकीचा किंवा ग्लोव्हबॉक्सचा दिवा पेटता राहणं नेहमीचं). सगळे फ्यूज काढूनही आकडा पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, कारण जुन्या गाड्यांत ती फ्यूजमधून जातच नाही. आधी बॅटरीचा मायनस पूर्ण काढा, मग ती वायर सोडवून टेप लावा, मग पुन्हा मोजा.

सोपा उपाय हवा असेल तर बॅटरीला कटऑफ स्विच बसवा.

---

तारजोड:

कटऑफ स्विचला माझा विरोध. त्याने गळती लपते आणि मुख्य केबलमध्ये आणखी दोन जोड वाढतात. आपण जोड कमी करायला निघालो आहोत!

---

खटारा_म्हणू_नका:

मोजलं. सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.८. मायनस खुंटी ते ब्लॉक ०.९. प्लस ते सेल्फचा बोल्ट ०.३. सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर, ब्लॉकच्या सापेक्ष, ८.३. गळती ३८० मिलिअँपिअर. फ्यूज काढून काहीच फरक नाही, अल्टरनेटरची वायर सोडवल्यावर १५. कॉइल ३.१ ओहम, बॅलास्ट कुठे दिसत नाही. आणि डिस्ट्रिब्युटरमधली ती विणलेली वायर ओढल्यावर हातातच आली.

---

फिलरगेज:

मिसिंगचं उत्तर तुमच्या हातात आहे. कॉइल बरोबर आहे, राहू द्या. नवी वायर विणलेली आणि लवचिकच घ्या, साधी एकेरी तार महिन्यात तुटेल. थोडी सैल ठेवा आणि प्लेट हाताने दोन्ही बाजूंना फिरवून ती कॅमला घासत नाही ना ते बघा.

---

तारजोड:

छान आकडे. बारीक टर्मिनलपर्यंत २.५ व्होल्ट गळाले: ०.९ अर्थमध्ये, १.६ किल्लीच्या वायरिंगमध्ये. प्लसची जाड केबल निर्दोष, तिला हात लावू नका.

अर्थची पट्टी दोन्ही टोकांना सोडवा. वायरचं आवरण थोडं मागे सोलून बघा: आत हिरवी बुरशी असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, २५ चौरस मिमीची नवी टाका. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने पांढरा धातू दिसेपर्यंत घासा. रंगावर बसवलेली अर्थ म्हणजे न बसवलेलीच. दातेरी वॉशर टाकून घट्ट आवळा आणि व्हॅसलिन आवळून झाल्यावर वरून लावा.

१.६ साठी रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच): ४० अँपिअरचा. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून ४ चौरस मिमी वायर, बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून सोलेनॉइडचं टर्मिनल. किल्लीकडून येणारी जुनी वायर ८६ ला, ८५ बॉडीला. जुन्या स्विचमधून मग फक्त रिलेपुरता करंट जाईल. पण आधी अर्थ करा आणि पुन्हा मोजा, दोन्ही एकदम केलं तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

---

रात्रीचा_गळतीवाला:

अल्टरनेटरमधून ३६५ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला पावणेनऊ अँपिअर-तास, तीन दिवसांत २६. तुमच्या ३५ च्या बॅटरीत मग उरतं काय! आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलट दिशेने गळतोय. अख्खा अल्टरनेटर नको, डायोड प्लेट वेगळी मिळते.

बसवल्यावर इंजिन दोन हजार आरपीएमवर ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला हवेत. मग मीटर एसी व्होल्टवर घ्या, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर अजून एखादा डायोड खराब आहे. एक खबरदारी: काही स्वस्त मीटर एसीवर बॅटरीचा डीसीसुद्धा वीस-पंचवीस म्हणून दाखवतात. म्हणून इंजिन बंद असताना आधी बघा. तिथे शून्य येत नसेल तर त्या मीटरवर ही चाचणी होणार नाही.

अल्टरनेटर खाली उतरतोच आहे, तर कार्बन ब्रशही बघा. होल्डरच्या बाहेर ५ मिमीपेक्षा कमी उरले असतील तर लगेच बदला. बेअरिंग हाताने फिरवा, खरखर लागली तर तेही. आणि बेल्ट परत चढवताना लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबून १० मिमीच्या आसपास दबेल इतकाच ताणा, जास्त ताणलात तर नवं बेअरिंग आणि वॉटर पंप दोन्ही ओरडायला लागतील.