वेदरिंगला मराठीत काय म्हणाल?

मॉडेल विमान रंगवून झालं की ते आत्ताच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखं दिसू नये म्हणून त्यावर मुद्दाम ऊन, पाऊस, तेल, काजळी या सगळ्याच्या खुणा करतात, ते वेदरिंग. सध्या स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १/७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं) एक जुनं किट जोडायला काढलंय, त्याची टिपणं मराठीत लिहितोय आणि दर दुसऱ्या ओळीला अडतोय. भूगोलाच्या पुस्तकात विदारण आहे पण ते खडकांचं, विमानाचं विदारण म्हटलं की अपघातच डोळ्यापुढे येतो. 'जुनं करणं' पण पटत नाही, लढाईतली विमानं जुनी होईपर्यंत टिकायची कुठे, नवी असतानाच कळकट व्हायची.

*

रापवणं! उन्हावाऱ्यात चेहरा रापतो तसं विमान रापतं, आपण ते रापवायचं. रापवलेलं मॉडेल, रापवायचे रंग, सगळं बसतं.

*

रापवणं मस्तच आहे, पण ते फक्त रंग विटण्यापुरतं. आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव शोधतोय असं मला वाटतं. रंग उन्हाने विटतो, पत्रा वापरून झिजतो आणि अंग तेलाने धुराने मळतं, आणि हे तीनही सगळीकडे सारखं होत नाही. स्पिटफायरचं कॉकपिटचं दार डाव्या बाजूला, म्हणजे पायलट चढणार डाव्या पंखावरून, म्हणून पंखाच्या मुळाशी रंग झिजणार तो डावीकडे जास्त. काजळी एक्झॉस्टपासून मागे, हवेच्या दिशेने लांबत जाणार. तेलाचे ओघळ पोटाखाली, तेही मागेच ओढल्यासारखे, सरळ खाली नाही. नुसतं 'वेदरिंग केलं' म्हटलं की लोक एकाच हाताने सगळीकडे सारखंच माखतात, मग ते विमान चिखलातून काढल्यासारखं दिसतं.

आणि चिपिंगला, म्हणजे रंग उडाल्याच्या खुणांना, टवके म्हणा की, रंगाचा टवका उडाला असं आपण म्हणतोच. फक्त टवक्याखाली काय दिसणार ते आधी बघा. त्याच काळातल्या मॉस्किटो विमानाचं अंग प्लायवूड आणि बाल्साच्या हलक्या लाकडाचं, हरिकेन विमानाचा मागचा भाग कापडाने मढवलेला, तिथे चंदेरी टवके काढले तर कापडाखालून ॲल्युमिनियम डोकावल्यासारखं होईल :) मॉस्किटोच्या इंजिनावरची आवरणं धातूची, तिथे काढा खुशाल. आकाराचंही भान हवं, १/७२ ला १ मिमीचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंटीमीटरचा, एवढा मोठा पोपडा क्वचितच उडतो. स्पंजच्या तुकड्याने टिपत टिपत जा, ब्रशने काढलेले टवके बहुतेक वेळा बटबटीत होतात.

*

टवका एकदम पटला. पण वॉशचं, म्हणजे रेघांमध्ये पातळ रंग सोडतात त्याचं काय? धुणं म्हणावं तर उलटंच, आपण स्वच्छ विमान घाण करतोय.

*

वॉशला मळ भरणं म्हणा. सांध्यात मळ धरलाय असं म्हणतोच आपण, वॉश नेमका तोच दाखवतो. आधी ग्लॉस व्हार्निशचा हात द्यायचा, मग व्हाइट स्पिरिटमध्ये अगदी पातळ केलेला ऑइल रंग रेघेला टेकवायचा, तो आपोआप खाचेतून पळतो, आणि जास्तीचा नंतर पुसून घ्यायचा. व्हार्निश ॲक्रिलिक असू द्या, इनॅमलच्या थरावर स्पिरिट गेलं तर खालचं उठून यायची भीती.

पण जुनं किट म्हणताय तर एक गोची आहे, जुन्या किटांमध्ये पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, बऱ्याचदा खाच नसून उठावाच्या असतात. मळ आत बसायला जागाच नाही, तो रेघेच्या दोन्ही बाजूंना साचतो आणि भलतंच दिसतं. त्या पॉलिश पेपरने घासून परत कोरा, नाहीतर राहू द्या आणि टोकदार पेन्सिल रेघेवरून फिरवा. मला विचाराल तर राहू द्या, फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) दोन अर्ध्यांच्या सांध्यात लांबी (पुट्टी) भरून घासताना तिथल्या रेघा तशाही जाणारच आहेत, तेवढ्याच परत काढल्या तरी पुरे.

*

आभार सगळ्यांचे. टिपणात आता रापवणं, टवके, ओघळ आणि मळ भरणं असं लिहितो, लांबी पण घेतली, पुट्टीपेक्षा बरी वाटते. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) मात्र न रापवताच रापलेत, पार पिवळे! खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवलेत, पिवळेपणा उतरतो म्हणतात.

*

उतरतो बऱ्याचदा, वेळ लागतो पण. पाण्यात टाकायच्या आधी त्यावर क्लिअर लॅकरचा एक हात द्या, जुने डिकल पाण्यात गेले की तुकडे होतात. आणि काजळीसाठी पावडर वापरणार असाल तर ती मॅट कोट दिल्यावरच, ग्लॉसवर ती धरत नाही.

*

मॅट कोटला काय म्हणायचं आता? चकाकी मारणं?

*

मॅटच म्हणा.