टाकी बसवताना उंची आणि फोम
मॉडेल विमानाचे नाक वर करताच इंजिन गुदमरते, या तक्रारीवर नीडल (कार्बोरेटरमधील इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) फिरवण्याचा सल्ला इथे दिला गेला आहे; पण ती फिरवत बसण्यापूर्वी इंधनाच्या टाकीची जागा तपासावी, असे माझे मत आहे. टाकीची मध्यरेषा कार्बोरेटरच्या स्प्रेबारच्या (आत इंधन सोडणाऱ्या बारीक नळीच्या) पातळीत किंवा तिच्या किंचित, साधारण ५ ते १० मिमी, खाली असावी. शिवाय टाकी फायरवॉलपासून (इंजिन ज्यावर बसवतात त्या पुढच्या भिंतीपासून) जितकी मागे सरकते, तितके चढताना इंधन अधिक उंच खेचावे लागते आणि सायलेन्सरमधून टाकीला दिलेला दाब अपुरा पडू लागतो. टाकीभोवती मऊ फोम गुंडाळावा, मात्र तो कोंबून भरू नये (ही चूक मीही केली आहे), कारण दाबलेल्या फोममधून कंपने थेट टाकीत पोहोचतात, इंधनाला फेस येतो आणि त्यातील बुडबुड्यांमुळे इंधन-हवेचे मिश्रण विरळ होते (त्यात इंधन कमी पडते). आतील क्लंक (इंधन खेचणाऱ्या लवचीक नळीच्या टोकाचे वजन) मागच्या भिंतीला न टेकता मोकळा हलतो ना, हे टाकी बंद करण्यापूर्वीच पाहावे.