क्यूनॅपच्या डॉमला हात लावू नका

क्यूनॅपचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली साठवणारा डबा, जुना झाला, तेव्हा "डॉम पुसून त्यावरच ओपनमीडियाव्हॉल्ट (ओएमव्ही, नॅससाठीची मोफत प्रणाली) टाकू का?" असं एकाने विचारलंय. अजिबात नको. डॉम म्हणजे मदरबोर्डवर खोचलेली इवलीशी यूएसबी चिप, जुन्या इंटेल मॉडेलांत बहुधा ५१२ एमबीची. ओएमव्हीच्या खाली अख्खं डेबियन लिनक्स असतं, ते त्यात मावणारच नाही. शिवाय क्यूनॅपची मूळ प्रणाली तिथूनच बूट होते, म्हणजे परतीची वाटही बंद.

त्यापेक्षा एचडीएमआयला मॉनिटर आणि यूएसबीला कीबोर्ड लावा, चालू करताना डिलीट दाबत राहा, बायोस (मशीनची मूळ सेटिंग्ज) उघडेल. बूटच्या क्रमात यूएसबीवरचा एसएसडी पहिला घ्या. पेनड्राइव्हही चालतो, पण मग ओएमव्हीचं फ्लॅशमेमरीसारखं, ड्राइव्हवरचं सततचं लिहिणं कमी करणारं प्लगइन घालाच. नाहीतर लॉग लिहून लिहून तो मान टाकतो. इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्क बाहेर काढून ठेवा. यादीत डिस्कना दिलेल्या नावांतली 'एसडीए' कुठली नि 'एसडीबी' कुठली, हे रात्री अकराला भल्याभल्यांना कळत नाही.

क्यूनॅपमधल्या जुन्या डिस्क नव्या प्रणालीत तशाच वाचता येतील, असं कुणी सांगितलं तर विसंबू नका. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) लिनक्सच्या नेहमीच्या एमडीएडीएमचंच असतं, पण त्यावरचा एलव्हीएमचा (जागेचे भाग पाडणारा) थर क्यूनॅपने स्वतःच्या सोयीने बदललाय, आणि साधं डेबियन तिथे अडतं. आधी बॅकअप, मग बाकीचं.

खरी कटकट पंख्याची. पंखा सांभाळणारी आयटीई८५२८ चिप असलेल्या मॉडेलांना क्यूनॅप८५२८ हे कर्नल मॉड्यूल (लिनक्सचा ड्रायव्हर) वेगळं बसवावं लागतं. तोवर डिस्कचं तापमान स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच देते त्या तब्येतीच्या नोंदींत) बघत राहा.

मॉडेल इंटेलऐवजी एआरएम प्रोसेसरचं असेल तर यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. तुमचं नेमकं कुठलं?